ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत
(प्रस्तावना)

या पुस्तकात ज्यांच्याविषयी लिहिलं आहे ती माणसं बहिरी नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी कान तपासून घेतले आहेत आणि ‘श्रवणशक्ती सामान्य’ असा शेरा मारलेला कागद त्यांच्या घरी फायलीत आहे. शांत खोलीत समोरासमोर बसलं तर त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा होतात. मागच्या पडवीत भांडं पडलं तर तेही त्यांना लगेच ऐकू येतं. पण तीच माणसं राजापूरच्या जवाहर चौकात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत किंवा गणपतीत पाहुण्यांनी भरलेल्या ओटीवर आली की गप्प होतात. कुणी काही बोललं तर ‘हो, हो’ म्हणतात, दुसरे हसले की हसतात, आणि थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून उठून जातात. खोदून विचारलं तर एकच सांगतात : आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.

ही तक्रार घेऊन गेलेल्या प्रौढ माणसाला आपल्याकडे बहुधा दोन उत्तरं मिळतात. दवाखान्यात सांगतात, कान उत्तम आहेत, काळजी करू नका. घरी सांगतात, लक्ष कुठे असतं तुझं? पहिल्या उत्तराने तक्रार निकालात निघते, दुसऱ्याने ती स्वभावदोष ठरते. मला या प्रस्तावनेत मांडायचं आहे ते एवढंच, की तपासणीचा अहवाल खरा असतो आणि माणसाची तक्रारही खरी असते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजलं की पुढची प्रकरणं वाचणं सोपं जाईल, आणि त्यांतले निम्मे उपाय ऐकणाऱ्याऐवजी बोलणाऱ्याला का सांगितले आहेत तेही लक्षात येईल.

सुरुवात तपासणीपासूनच करू. ऑडिओमेट्री म्हणून जी चाचणी आपल्याला माहीत आहे ती एका प्रश्नाचं नेमकं उत्तर देते : पूर्ण शांततेत, एकेक शुद्ध सूर किती हळू केला तरी या माणसाला ऐकू येतो? आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि सूर ऐकू आला की बटण दाबायचं. साधारण २५० हर्ट्‌झपासून ८००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर तपासून त्यांचा आलेख काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात २० डेसिबलच्या आतली पातळी सामान्य धरली आहे. अनेक ठिकाणी ही मर्यादा २५ डेसिबलची असते. १९२२ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचं श्रवणमापक यंत्र आलं, तेव्हापासून या आलेखाने जगभरच्या कानांची मोठी सेवा केली आहे. मधल्या कानातला बिघाड, यंत्रांच्या आवाजाने आलेला बहिरेपणा, वयाचा बहिरेपणा हे सगळं त्यावर दिसतं. म्हणून त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र जो प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नाही, त्याचं उत्तर त्या कागदात शोधू नये. माणसाचं बोलणं हा शुद्ध सूर नाही, आणि राजापूर ही आवाजबंद खोली नाही.

राजापुरात आयुष्य कोणत्या आवाजांत जातं ते पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कौलांवरचा पाऊस एक वेळ सोसवतो. अंगणावर, दुकानावर, शाळेच्या व्हरांड्यावर आता पत्रा आला आहे, आणि पत्र्यावर सर आली की खालच्या माणसांचं बोलणं थांबतं. अर्जुना आणि कोदवली फुगल्या की बाजारात पाणी शिरतं, तेव्हा माल हलवताना एकमेकांना द्यायच्या सूचना त्या धबडग्यातच द्याव्या लागतात. श्रावणात धूतपापेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्याला देवळाशेजारच्या धबधब्याचा घोष ऐकत गुरुजींचे शब्द पकडावे लागतात. साखरीनाट्याच्या बंदरात डिझेल इंजिनं धडधडत असतात, चिरेखाणीत जांभा कापणारी यंत्रं. मुंबई-गोवा महामार्गावरचा हॉटेलवाला भटारखान्याकडे तोंड करून ऑर्डर सांगतो. मग चाकरमानी येतात, गौरी-गणपती होतात, शिमग्यात ढोल वाजतात आणि पालखी नाचते.

यातले सगळे आवाज एका जातीचे नाहीत, आणि हा फरक या विषयाच्या गाभ्याशी आहे. पाऊस, धबधबा, इंजिन हे सलग आवाज शब्दांवर पांघरूण घालतात. त्यांच्या जोरापुढे शब्दातले हळू आवाज कानापर्यंत पोचतच नाहीत. माणसांच्या गलक्याची गोष्ट वेगळी. त्यात चढउतार असतात, फटी असतात. निरोगी श्रवणयंत्रणा त्या क्षणभराच्या फटींतून हवं ते वाक्य उचलत राहते. पण गलक्यात शब्दही असतात. शेजारच्या माणसाचे शब्द आपल्या माणसाच्या शब्दांत मिसळतात आणि कुठला शब्द कुणाचा याची निवड मेंदूला करावी लागते. म्हणून काही जणांची तक्रार पावसात फारशी नसते आणि पंगतीत असते. ‘गोंगाटात त्रास होतो’ एवढं सांगून भागत नाही. कोणत्या गोंगाटात, हे सांगितलं तर तपासणाऱ्याला दिशा मिळते.

जाखडीचं उदाहरण घ्या. शक्ती-तुऱ्याच्या बारीत दोन पक्ष एकमेकांना कोडी घालतात, चिमटे काढतात. सगळी मजा शब्दांत, आणि त्या शब्दांभोवती ढोलकी, टाळ, घुंगरू, वर ध्वनिक्षेपक आणि बसलेल्यांचे शेरे. वर्षानुवर्षं बारीला बसणाऱ्या माणसाला एखादा शब्द सुटला तरी चाल, प्रसंग आणि यमक यांवरून तो भरून काढता येतो. ज्याला दर ओळीत चार शब्द भरून काढावे लागतात तो मात्र तिसऱ्या गाण्यापर्यंत थकतो. हा थकवा या माणसांच्या तक्रारीतला मोठा भाग आहे. ऐकताना होणारे श्रम अहवालात दिसत नाहीत. दिवसभर गिऱ्हाईक करून घरी आलेल्या दुकानदाराच्या चिडचिडीत दिसतात.

आता थोडा हिशेब. १ मीटरवरून साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे दिवसा निवासी भागात ५५ आणि व्यापारी भागात ६५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे बाजारपेठ कायद्याच्या अगदी काठावर वागली तरी तिथे गोंगाट बोलण्यापेक्षा ५ डेसिबलने वरचढ ठरतो. चांगल्या कानाचा तरुण माणूससुद्धा या टोकाला वाक्यातले निम्मेच शब्द पकडू शकतो. बाकीचे तो अंदाजाने, ओठांवरून आणि जवळ सरकून मिळवतो. आणि या काठावर एकेका डेसिबलला किंमत असते : साध्या वाक्यांच्या चाचण्यांत १ डेसिबलने गोंगाट वाढला की समजण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त घसरतं. सामान्य कान आणि तक्रारीचा कान यांच्यात दोन-तीन डेसिबलचंच अंतर असलं, तरी एकाचा व्यवहार नीट होतो आणि दुसऱ्याला ‘काय म्हणालात?’ असं तीनदा विचारावं लागतं.

मराठी बोलण्याची घडणही इथे आडवी येते. स्वरांत जोर असतो, व्यंजनांत अर्थ असतो, आणि गोंगाट आधी व्यंजनं खातो. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतला फरक श्वासाच्या एका हलक्या फुंकरीचा आहे. ती फुंकर पावसात टिकत नाही. मासळीच्या वाट्याची किंमत साठ की आठ, सात की साठ, हा घोळ रोजचा. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदतीस आणि सदुसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत शेवटच्या अक्षरांवर सगळा हिशेब अवलंबून असतो. त्याहून मोठी अडचण वाक्याच्या शेवटाची. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो, आणि बोलताना आवाजही शेवटीच खाली जातो. ‘उद्या गाडी येणार...’ इथपर्यंत ऐकू आलं आणि ‘आहे’ की ‘नाही’ ते गलक्यात गेलं, तर माणूस पहाटे स्टँडवर उभा राहतो. म्हणून इंग्रजी किंवा जर्मन वाक्यांवर तयार झालेली चाचणी तशीच उचलून मराठी माणसाला लावता येत नाही. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्थेच्या वर्तुळात २०१० मध्ये कन्नडसाठी गोंगाटातल्या वाक्यांची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. अशी चाचणी त्या त्या भाषेच्या आतूनच घडवावी लागते.

विज्ञानाने या तक्रारीची दखल घेतली तीही तुकड्यातुकड्यांनी. १९४८ मध्ये सॅम्युअल कोपेट्‌झ्की या अमेरिकन कर्णतज्ज्ञाने आणि १९५४ मध्ये किंग या ब्रिटिश डॉक्टराने अशा रुग्णांविषयी लिहिलं. त्या दोघांची नावं जोडून १९९२ मध्ये हिंचक्लिफ यांनी ‘किंग-कोपेट्‌झ्की लक्षणसमूह’ हे नाव दिलं. मधल्या काळात, १९८९ मध्ये, साँडर्स आणि हॅगार्ड या ब्रिटिश संशोधकांनी अशा माणसांच्या बऱ्याच चाचण्या करून पाहिल्या आणि कारण एकच नसतं असं दाखवलं. काहींच्या कानात बारीक दोष होता, काहींची भाषेवरून अंदाज बांधण्याची क्षमता कमी होती, काहींना आपल्या श्रवणाविषयी जास्त चिंता होती, आणि पुष्कळांत हे थोडं थोडं एकत्र होतं.

दुसरा धागा कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाचा. १९५३ मध्ये त्यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी निवेदनं ऐकवली आणि एका कानातलं निवेदन मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. लोकांना ते जमलं. पण दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते त्यांना सांगता येईना; तिथली भाषा मध्येच इंग्रजीची जर्मन झाली तरी पत्ता लागला नाही. पुरुषाच्या जागी बाईचा आवाज आला, हे मात्र लक्षात आलं. गर्दीतून एक आवाज निवडायचा तर मेंदू त्याच्या सुराचा, दिशेचा आणि जातकुळीचा आधार घेतो, हे त्यातून पुढे आलं. दोन कानांना आवाज पोचण्यातला फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. वेळेची ही बारीक नोंद कुठेही विस्कटली तरी आलेख सामान्य राहतो आणि गर्दीत माणूस हरवतो.

ती कशी विस्कटू शकते याचा एक धक्का देणारा पुरावा २००९ मध्ये बॉस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी मांडला. त्यांनी उंदरांना २ तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. उंदरांचं ऐकणं आधी मंदावलं आणि काही दिवसांत पूर्ववत झालं. नेहमीच्या मापाने ते बरे झाले होते. पण कानाच्या आत पाहिलं तेव्हा आवाज टिपणाऱ्या केशपेशी शाबूत होत्या आणि त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे काही भागांत निम्म्याच्या आसपास कायमचे गेले होते. माणसाच्या एका कानात आतल्या केशपेशी सुमारे ३५०० आणि त्यांच्यापासून निघणारे तंतू सुमारे ३०,०००. विहिरीच्या दोराचे बरेच पीळ तुटले तरी रिकामी कळशी वर येते. भरलेल्या घागरीला दोर पुरत नाही. शांत खोलीतला सूर ऐकायला थोडे तंतू पुरतात, गलक्यातलं वाक्य उचलायला सगळे लागतात. २०११ मध्ये शेट आणि मॅकअल्पाइन यांनी याला ‘छुपा श्रवणऱ्हास’ म्हटलं आणि ते नाव रूढ झालं.

मात्र इथे सबुरी हवी. उंदरात दिसलं ते माणसात तसंच घडतं का, यावर अजून एकमत नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांत वयानुसार असे तंतू कमी झालेले आढळले आहेत. पण मोठ्या आवाजात वावरलेल्या तरुणांच्या अभ्यासांत निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. जिवंत माणसात हे सांधे मोजणारी खात्रीची चाचणी दवाखान्यांत नाही. त्यामुळे ‘तुमचे तंतू तुटले आहेत’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं आणि त्यावर महागडी गोळी विकली तर ती घेऊ नये.

आणखीही कारणं आहेत. नेहमीची चाचणी ८००० हर्ट्‌झला थांबते, पण निरोगी तरुण कान २०,००० पर्यंत ऐकतो. त्या वरच्या पट्टीतलं नुकसान आलेखावर येत नाही आणि गोंगाटात समजण्याशी त्याचा संबंध असल्याचं दिसून आलं आहे. लहानपणी वारंवार फुटलेले कान, डोक्याला मार, स्फोटाचा धक्का, लक्ष टिकवण्यातली अडचण, चाळिशी-पन्नाशीनंतर मंदावणारी वेळेची नोंद, हे सगळं यात येतं. एक आजार मात्र मुद्दाम वेगळा काढला पाहिजे. श्रवण-मज्जातंतूच्या विकारात, ज्याला १९९६ मध्ये स्टार आणि सहकाऱ्यांनी नाव दिलं, केशपेशी काम करतात आणि मज्जातंतूचा संदेश विस्कळीत होतो. सूर ऐकू येतात, शब्द फार वाईट कळतात. ओएई आणि बेरा या दोन चाचण्या एकत्र केल्या की तो ओळखता येतो, म्हणून तक्रार तीव्र असेल तर तेवढ्या तरी कराव्यात.

परकी भाषा हाही भाग आहे. शांततेत उत्तम हिंदी-इंग्रजी समजणाऱ्या माणसाला गोंगाटात त्या भाषा मातृभाषेपेक्षा बऱ्याच आधी सोडून जातात. राजापूर तालुक्यातून मुंबईला नोकरीसाठी गेलेला मुलगा कॉल सेंटरमध्ये किंवा हॉटेलच्या काउंटरवर उभा राहतो, तेव्हा गावात कधी न जाणवलेली अडचण त्याला तिथे पहिल्यांदा जाणवते. त्यात कान बिघडलेला असतोच असं नाही. कामाचा बोजा वाढलेला असतो.

अशी माणसं किती? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या बीव्हर डॅम इथल्या अभ्यासात, आलेख सामान्य असलेल्या प्रौढांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी ऐकण्यात अडचण असल्याचं सांगितलं. तो आकडा जसाच्या तसा कोकणाला लावता येणार नाही. पण ही तक्रार अपवादात्मक नाही, एवढं त्यावरून कळतं. आपल्या कायद्यात मात्र तिला जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास असेल तर ‘ऐकण्यात कमी’ आणि ७० डेसिबल असेल तर ‘कर्णबधिर’ धरतात. या पुस्तकातल्या माणसांचा ऱ्हास त्या मोजपट्टीवर शून्य आहे. प्रमाणपत्र त्यांना नको आहे. पण ज्याला कागदावर नाव नाही त्याला ऑफिसात जागा बदलून मागणंही जड जातं.

आणि मग सुरू होते सावरून घेण्याची कसरत. दुकानात बायको पुढे होते, हा मागे राहून हिशेब लिहितो. शाळेच्या सभेत बाई मागच्या बाकावर बसतात, म्हणजे कुणी मत विचारणार नाही. मोठ्या कुटुंबात धाकट्या सुनेला ‘फार गर्विष्ठ आहे, हाक मारली तरी बघत नाही’ असं नाव पडतं. ती मात्र स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना पाठमोरी उभी असते. साठीच्या माणसाबद्दल घरात कुजबुज होते, ‘विसरायला लागलेत’. खरं तर त्यांना सांगितलेलं नीट पोचलेलंच नसतं. करोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा उमगलं, की आपण इतकी वर्षं ओठ बघून ऐकत होतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. १९५४ मध्येच सम्बी आणि पोलॅक यांनी मोजून दाखवलं होतं, की गोंगाट जितका जास्त तितका बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याचा फायदा मोठा.

उपायांकडे वळताना पहिली पायरी सोडू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं, मळ काढून घ्यावा, ऑडिओमेट्री करून घ्यावी. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं, एकाच कानात सतत आवाज येऊ लागला किंवा चक्कर येऊ लागली तर हे पुस्तक बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचे दिवस मोजके असतात. आलेख सामान्य आला तर तिथे न थांबता गोंगाटातल्या बोलण्याची चाचणी मागावी. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा श्रवण विभाग इथे या विषयाचं शिक्षण घेतलेली माणसं आहेत. गोंगाटात आकडे ऐकून सांगायची सोपी चाचणी नेदरलँड्समध्ये टेलिफोनवरून सुरू झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिचं मोबाइल ॲप काढलं. ती निदान करत नाही, पण तक्रारीला आकडा देते.

त्यानंतरचे उपाय यंत्रापेक्षा जागेचे आणि सवयीचे जास्त. मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचं अंतर निम्मं केलं की त्याचा आवाज कानाशी ६ डेसिबलने वाढतो. वर केलेला हिशेब आठवला तर हे केवढं मोठं आहे ते कळेल. एक पाऊल पुढे येण्याला पैसे लागत नाहीत. उघड्या भिंती, फरशी आणि स्लॅबचे नवे हॉल आवाज घोळवत ठेवतात; जाड पडदे, सतरंज्या, कापडी छत लावलं की शब्द सुटे होतात. बोलण्याआधी टीव्ही बंद करावा, मिक्सर थांबवावा. भिंतीला पाठ लावून बसलं तर मागचा गलका कमी होतो. पुढे जाऊन, बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा छोटा मायक्रोफोन आणि ऐकणाऱ्याच्या कानात त्याचा रिसीव्हर, ही जोडी वर्गात आणि सभेत फार उपयोगी पडते. अगदी थोडा आवाज वाढवणारी श्रवणयंत्रं सामान्य आलेखाच्या काही माणसांना मदत करतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. विकत घेण्यापूर्वी ती आपल्याच बाजारात, आपल्याच घरात काही दिवस वापरून पाहावीत.

बोलणाऱ्यासाठी एक सूचना विशेष. गोंगाटात माणूस आपसूक आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोम्बार यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं. सगळ्यांनी आवाज चढवला की गोंगाटही चढतो आणि हाती काही लागत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. त्याऐवजी समोर यावं, आधी नाव घेऊन हाक मारावी, विषय सांगावा, किंचित सावकाश बोलावं आणि वाक्याचा शेवट गिळू नये. न कळल्यास तेच वाक्य तिसऱ्यांदा न ओरडता वेगळ्या शब्दांत सांगावं. ‘त्रेसष्ट’ला ‘साठ आणि तीन’ म्हणावं. आणि ऐकणाऱ्याने नुसतं ‘काय?’ न विचारता ‘गाडी किती वाजता म्हणालात?’ असं विचारावं, म्हणजे बोलणाऱ्याला नेमका निसटलेला तुकडाच पुन्हा द्यावा लागतो.

पुढच्या प्रकरणांत हे सारं तपशिलाने येईल : कानाची रचना, चाचण्या, घर आणि कामाची जागा, कुटुंबाशी कसं बोलावं, आणि सराव. ज्यांना ही तक्रार आहे त्यांनी शेवटची तीन प्रकरणं आधी वाचली तरी चालेल. ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी मात्र पहिल्यापासून वाचावं, कारण त्यांच्या वाट्याचं काम समजुतीपासून सुरू होतं.

कान तपासणाऱ्यांना एक विनंती. अहवालावर ‘सामान्य’ लिहिण्याआधी प्रत्येक प्रौढ रुग्णाला एक प्रश्न विचारावा : चार माणसं एकदम बोलत असताना तुम्हाला कितपत कळतं? उत्तर काहीही असो, ते आलेखाखाली त्याच्याच शब्दांत लिहावं. त्याला नवं यंत्र लागत नाही, मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही, आणि ‘सामान्य’ या शेऱ्याने आजवर जी चौकशी बंद होत आली ती त्या एका ओळीने उघडी राहील.

— राजापूर